बोस्टनने ब्रुकलिन शॉर्ट केलं, त्याची गोष्ट

शनिवार सकाळ. ऑफिसचा लॅपटॉप मुद्दाम बॅगेतच ठेवलाय. तेव्हा आज बास्केटबॉल, आणि थोडं शेअर बाजाराबद्दल. माझ्या डोक्यात ही दोन्ही खाती केव्हाच एकत्र झालीयेत.

गोष्ट २०१३ सालची. बोस्टन सेल्टिक्सकडे दोन मोठे पण उताराला लागलेले स्टार होते, ३५ वर्षांचा पॉल पिअर्स आणि ३७ वर्षांचा केव्हिन गार्नेट. २००८ची चॅम्पियनशिप यांनीच, रे ॲलनच्या जोडीने, आणलेली. संघाचा कारभारी डॅनी एंजने दोघांनाही ब्रुकलिन नेट्सला देऊन टाकलं. बदल्यात मुख्य माल काय, तर नेट्सचे २०१४, २०१६ आणि २०१८चे पहिल्या फेरीचे ड्राफ्ट पिक, शिवाय २०१७ साली पिकची अदलाबदल करण्याचा हक्क.

एनबीएमध्ये नवे खेळाडू निवडताना तळाच्या संघांना साधारण आधी संधी मिळते (मध्ये एक लॉटरी असते, ते सोडा). म्हणजे दुसऱ्याचा पिक आपल्या खिशात असेल, तर तो संघ जितका आपटेल तितका आपला फायदा! एंजने सरळ नेट्सला शॉर्ट केलं. आणि २०१७चा हक्क म्हणजे चक्क ऑप्शन. जमलं तर वापरा, नाहीतर सोडून द्या.

नेट्सचे रशियन अब्जाधीश मालक मिखाईल प्रोखोरोव्ह यांना विजेतेपदाची घाई होती. पहिल्या मोसमात लक्झरी टॅक्सच सुमारे ९ कोटी डॉलर भरला. मिळालं काय? ४४ विजय आणि दुसऱ्या फेरीत मायामीकडून हार. २०१४मध्ये पिअर्स गेला, २०१५मध्ये गार्नेट. पुढे नेट्सने ८२ पैकी २१ सामने जिंकले, त्यापुढच्या मोसमात २०. बोस्टनला २०१६मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जेलन ब्राऊन मिळाला. २०१७मध्ये तर पहिला क्रमांकच हाती आला. तो एंजने फिलाडेल्फियाला देऊन तिसरा क्रमांक आणि वर एक भावी पिक घेतला, आणि तिसऱ्यावर जेसन टेटमला उचललं. २०२४ साली हे दोघे बोस्टनला चॅम्पियनशिप देऊन गेले.

इथपर्यंतची गोष्ट सगळेच सांगतात. मला त्रास देतो तो आयझेया थॉमस.

जेमतेम पावणेसहा फुटांचा गडी. एप्रिल २०१७मध्ये प्लेऑफच्या पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी त्याची धाकटी बहीण अपघातात गेली. हा दुसऱ्या दिवशी खेळला. पुढच्या फेरीत, तिच्या वाढदिवशी, वॉशिंग्टनविरुद्ध ५३ गुण केले. कंबरेचं हाड दुखत होतं तरी. ऑगस्टमध्ये एंजने त्याला क्लीव्हलंडला देऊन (सोबत नेट्सचा २०१८चा पिकही) कायरी अर्व्हिंग आणला. त्या दुखापतीतून थॉमस पूर्वीसारखा कधीच उभा राहिला नाही, आणि आयुष्यभर पुरेल असा करार त्याला मिळालाच नाही.

ट्रेडर म्हणून बघाल तर एंजने अचूक वेळी माल विकला. पण शेअरला आपण विकले गेलोय हे कळत नाही हो, आणि इतर शेअर ते बघत नसतात. इथे बघत होते. २०१९मध्ये अँथनी डेव्हिस बोस्टनला जाईल अशी चर्चा असताना त्याच्या वडिलांनी उघड सांगितलं, थॉमसशी जे झालं ते पाहता माझा मुलगा तिथे नको. आणि अर्व्हिंग? २०१८मध्ये बोस्टनच्या प्रेक्षकांसमोर 'मी इथेच राहीन' या अर्थाचं बोलला, आणि २०१९मध्ये निघून गेला. कुठे? ब्रुकलिनला!

अर्व्हिंगचं वागणं मला पटत नाही. शब्द द्यायची कोणी सक्ती केली नव्हती. पण रे ॲलनला जे गद्दार म्हणतात त्यांच्याशी माझं भांडण आहे. २०१२मध्ये तो बोस्टन सोडून कमी पैशांत मायामीला गेला, तर गार्नेटने कित्येक वर्षं अबोला धरला. करार संपल्यावर माणूस गेला, यात गद्दारी कसली? संघाने विकलं तर 'बिझनेस', आणि खेळाडू गेला तर 'ॲटिट्यूड'?

बाय द वे, एंज स्वतः याच सेल्टिक्सकडून खेळत होता, आणि फेब्रुवारी १९८९मध्ये त्यालाही असंच एके दिवशी सॅक्रामेंटोला पाठवलं होतं.

मला हे एवढं का लागतं, तर आमच्याकडेही माणसाला 'रिसोर्स' म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी मेल आली, सोमवारपासून दुसरा प्रोजेक्ट. मीही एक्सेलमध्ये तीन नावं इकडची तिकडे केलीयेत. त्यातल्या एकाच्या घरी त्या महिन्यात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं.