धरणाच्या पाण्याचे तापमान-नियोजन

खोल जलाशयातील पाणी निरनिराळ्या पातळ्यांवरून सोडून धरणाखालच्या नदीचे तापमान माशांना मानवेल असे राखण्याची पद्धत. उन्हाळ्यात जलाशयाचा वरचा थर तापून हलका होतो, हिवाळ्यातले जड गार पाणी तळाशी साचून राहते आणि हे दोन थर सहसा मिसळत नाहीत. त्यामुळे पाणी कोणत्या उंचीवरून घेतले, यावर खालच्या नदीचा ऋतू ठरतो.

या पद्धतीचे ठळक उदाहरण म्हणजे उत्तर कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीवर असलेले शास्ता धरण (उंची १८३ मी.; बांधकाम १९३८–४५). येथील चिनूक सामन माशाचा एक वाण हिवाळ्यात समुद्रातून नदीत शिरतो, पण अंडी घालतो ऐन उन्हाळ्यात. पूर्वी तो मॅक्लाउडसारख्या, झऱ्यांवर पोसलेल्या गार नद्यांत चढून जाई. ती वाट धरणाने बंद केली आणि रेडिंग शहराजवळच्या रणरणत्या सखल मुलखात त्याला गारवा पुरवण्याची जबाबदारीही मग धरणावरच आली. मादी शेपटीने गोटे उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि ती पुन्हा गोट्यांनी झाकते. फटींतून झिरपणाऱ्या पाण्यातूनच अंड्यांना प्राणवायू मिळतो. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो आणि नेमकी तेव्हाच अंड्यांची गरज वाढते. म्हणून सुमारे १३ अंश से. ही मर्यादा दीर्घकाळ पाळण्यात आली.

१९८७ पासून वीजगृह टाळून खालच्या दारांनी गार पाणी सोडले जाई. तेवढी वीज बुडे. १९९७ मध्ये धरणाच्या जलाशयाकडील अंगाला पोलादी सांगाडा बसवला गेला. त्याच्या निरनिराळ्या उंचीवरच्या झडपा उघडून हवे ते पाणी जनित्रांकडे नेता येते. हंगामाच्या सुरुवातीला वरचे पाणी वापरायचे व तळाचे पुढच्या महिन्यांसाठी राखायचे, असा हिशेब असतो. पण सांगाडा गारवा तयार करत नाही, असलेला फक्त वाटून देतो. २०१४ व २०१५ च्या अवर्षणात तो साठा अपुरा पडला आणि त्या वर्षांची बहुतेक अंडी-पिल्ले मेली. खरा निर्णय झडपांपाशी होतच नाही. शेतीला किती पाणी द्यायचे व जलाशयात किती ठेवायचे, हे वसंतात ठरते तिथे तो होऊन गेलेला असतो.

सर्वत्र गारवाच हवा असतो असे नाही. ऑस्ट्रेलियात मॅक्वारी नदीवरील बरेंडाँग धरणाचे तळचे पाणी मरे कॉड माशाला फार थंड पडते. तेथे पाणी घेण्याच्या मनोऱ्याभोवती पडदा सोडून वरचे कोमट पाणी घेण्याची सोय २०१४ मध्ये झाली. अमेरिकेत ग्रीन नदीवरील फ्लेमिंग गॉर्ज धरणावर, नदी अति थंड होऊ नये म्हणून, १९७८ मध्येच अशी यंत्रणा बसली होती.

कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणाला ही सोय नाही. २०२२ मध्ये जलाशयाची पातळी घसरून कोमट पाणी खाली जाऊ लागले आणि स्मॉलमाउथ बास हा परका शिकारी मासा धरणाखाली वाढू लागला. स्थानिक हम्पबॅक चब माशाला त्याचा धोका असल्याने २०२४ मध्ये वीजगृह टाळून खोलवरचे गार पाणी नदीत मिसळण्यात आले.