हरू नये एवढीच मदत : इराण-इराक युद्धाचा एक हिशेब

सप्टेंबर १९९० मध्ये आमच्या वसाहतीतील एक गृहस्थ कुवेतहून परत आले. बसने बगदाद, तेथून अम्मान, आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई, असा त्यांचा प्रवास झाला होता. जवळ एक हातपिशवी, दोन शर्ट आणि कुवेती दिनारांच्या नोटांचे एक पुडके. महिन्या-दीड महिन्यापूर्वीपर्यंत जगातील सर्वांत महाग चलनांत गणल्या जाणाऱ्या त्या नोटा बदलून देणारा मुंबईत त्यांना कोणी भेटेना. त्या दोन-अडीच महिन्यांत पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अशाच तऱ्हेने घरी आले. आखातात राहणाऱ्या वाचकांपैकी काहींच्या घरी ही आठवण अजून ताजी असेल.

मी तेव्हा अर्थशास्त्र घेऊन एम.ए. करीत होतो. कुवेतवरील आक्रमण हा एका माणसाच्या उन्मत्तपणाचा परिणाम होय, असे वर्तमानपत्रे सांगत आणि आम्हीही तसेच मानत असू. पुढे शासकीय सेवेत आल्यावर अनुदाने, कर्जे आणि थकबाकी यांच्या फायली वर्षानुवर्षे हाताळल्या. मग त्या घटनेकडे पुन्हा पाहिले, तेव्हा उन्माद तसाच राहिला; पण त्याच्या तळाशी एक जमाखर्चाची वही दिसू लागली. ती वही १९८० ते १९८८ या आठ वर्षांच्या इराण-इराक युद्धाची होती. २०२२ पासून युक्रेनच्या निमित्ताने परकीय लष्करी मदतीविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. म्हणून ही जुनी वही पुन्हा उघडावीशी वाटली.

युद्ध सुरू झाले २२ सप्टेंबर १९८० रोजी. शत अल-अरब या नदीतील सीमारेषेचा वाद १९७५ च्या अल्जियर्स कराराने मिटला होता. इराणमधील क्रांतीनंतरचा गोंधळ पाहून सद्दाम हुसेन यांनी तो करार झुगारला आणि खुजिस्तानात सैन्य घुसवले. मोहीम काही आठवड्यांत संपेल, असा बगदादचा अंदाज होता. इराकच्या तिजोरीत त्यावेळी सुमारे ३५ अब्ज डॉलरची गंगाजळी होती, त्यामुळे आरंभी मदतीची गरजही वाटली नसावी. परंतु मे १९८२ मध्ये इराणने खुर्रमशहर परत घेतले आणि इराकी सैन्य आपल्या सीमेकडे हटले. बगदाद तहाची भाषा बोलू लागले. तेहरानने ती नाकारली आणि जुलैमध्ये इराणी सैन्य बसऱ्याच्या दिशेने निघाले. हा निर्णय तेहरानचा होता, कोणा परकीयाचा नव्हे, हे प्रथमच नोंदवले पाहिजे. पुढील सहा वर्षांचा सगळा दोष मदत देणाऱ्यांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही.

तथापि खरी मदत सुरू झाली ती याच टप्प्यावर, आणि तिचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. युद्ध सुरू होताच दोन्ही पक्षांचा शस्त्रपुरवठा रोखून धरणाऱ्या सोव्हिएत संघाने १९८२ मध्ये इराकला रणगाडे, तोफा आणि विमाने पुन्हा मोठ्या प्रमाणावर देण्यास आरंभ केला. अमेरिकेने त्याच वर्षी दहशतवादाला साहाय्य करणाऱ्या देशांच्या यादीतून इराकचे नाव काढले, पुढे धान्यखरेदीसाठी पतहमी दिली, उपग्रहांनी टिपलेली माहिती पुरवली आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये राजनैतिक संबंध पूर्ववत केले. फ्रान्सने मिराज विमाने विकली. इतकेच नव्हे, तर १९८३ मध्ये स्वतःच्या नौदलातील पाच सुपर एतांदार विमाने भाड्याने दिली. लढाऊ विमाने भाडेतत्त्वावर देण्याचा हा प्रकार आमच्यासारख्या निविदा-नियमावलीत वाढलेल्या माणसाला आजही चकित करतो.

पैसा आला तो सौदी अरेबिया आणि कुवेतकडून. आखातातील इराकची तेलबंदरे युद्धाच्या प्रारंभीच निकामी झाली होती. एप्रिल १९८२ मध्ये सीरियाने आपल्या भूमीतून जाणारी तेलवाहिनी बंद केली. उरली फक्त तुर्कस्तानातून जाणारी वाहिनी. तेव्हा या दोन शेजाऱ्यांनी रोख कर्जे दिली, आणि आपल्या सामायिक तटस्थ क्षेत्रातील रोज सुमारे तीन लाख पिंपे तेल इराकच्या खात्यावर विकण्यास सुरुवात केली. हे तेल युद्ध संपल्यावर इराकने तेलाच्याच रूपात परत करावे, अशी योजना होती.

आता दुसरी बाजू. इराणकडे शहाच्या काळातील अत्याधुनिक अमेरिकी शस्त्रे होती. एकट्या एफ-१४ जातीची ७९ विमाने इराणला मिळालेली होती. परंतु नोव्हेंबर १९७९ मधील ओलीस प्रकरणानंतर अमेरिकेने पुरवठा तोडला आणि सुट्या भागांचा प्रश्न उभा राहिला. एक विमान उडवायचे तर दुसऱ्याचे भाग काढावे लागत. ज्यांनी एखाद्या शासकीय विभागातील वाहनांचा ताफा सांभाळला आहे, त्यांना ही अवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. शस्त्रागारात किती शस्त्रे आहेत याला दीर्घ युद्धात फारसा अर्थ नसतो. उद्या किती दुरुस्त होतील आणि परवा किती नवी येतील, यालाच महत्त्व असते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर, साठा पहिल्या वर्षी लढतो आणि नंतर लढतो तो ओघ.

हा ओघ इराणलाही मिळत राहिला, मात्र चोरवाटांनी आणि चढ्या दराने. चीन आणि उत्तर कोरिया हे त्याचे प्रमुख पुरवठादार झाले. चीन त्याच काळात इराकलाही शस्त्रे विकत होता. इस्रायलकडून सुटे भाग येत. जुलै १९८१ मध्ये असा माल वाहणारे एक विमान सोव्हिएत आर्मेनियात कोसळल्यामुळे त्याचा गौप्यस्फोट झाला. जगाला ‘इराणला शस्त्रे देऊ नका’ असे सांगत फिरणाऱ्या अमेरिकेनेच १९८५-८६ मध्ये इराणला गुपचूप सुमारे दोन हजार टो रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे आणि हॉक विमानविरोधी क्षेपणास्त्रांचे भाग पोहोचवले, हे नोव्हेंबर १९८६ मध्ये बैरूतच्या एका नियतकालिकाने उघड केले.

एवढी सगळी राष्ट्रे या युद्धात रसद ओतत होती, आणि तरीही कोणी जिंकत नव्हते. याचे कारण मला असे दिसते की जिंकावे हा देणाऱ्यांचा हेतूच नव्हता. इराण बसऱ्यात पोहोचू नये, एवढेच रियाध, कुवेत, वॉशिंग्टन, मॉस्को आणि पॅरिस यांना हवे होते; इराक आखाताचा स्वामी व्हावा असे त्यांच्यापैकी कोणालाच वाटत नव्हते. म्हणून मदतीचे माप ठरले ते हरू नये एवढेच. इराण पुढे सरकला की माप वाढे, आघाडी स्थिरावली की ते तेथेच थांबे. फेब्रुवारी १९८६ मध्ये इराणने फाव द्वीपकल्प घेतले. जानेवारी १९८७ मध्ये बसऱ्याच्या वेशीवर या युद्धातील सर्वांत भीषण लढाई झाली. दोन्ही वेळी इराक कोसळला नाही आणि दोन्ही वेळी इराण मागे सरला नाही.

मदतीच्या या विषम वाटपाने लढण्याची पद्धतही ठरवली. ज्याच्याकडे जो उत्पादनघटक विपुल आणि स्वस्त, तो अधिक वापरायचा आणि महाग घटकाची काटकसर करायची, हे तत्त्व आम्ही पहिल्या वर्षाला शिकतो. इराकची लोकसंख्या इराणच्या निम्म्याहूनही कमी. पण तोफगोळे, रणगाडे, बुलडोझर यांची ददात नव्हती. म्हणून त्याने माती ढकलून बांध घातले, पाणी सोडून दलदली वाढवल्या, खंदकांमागे तोफांच्या रांगा लावल्या आणि अखेर विषारी वायूही वापरला. त्या वायूंसाठी लागणारी रसायने आणि यंत्रसामग्री युरोपीय कंपन्यांकडून आली होती. इराणकडे यंत्रे नव्हती, माणसे होती. बसीज दलातील किशोरवयीन मुले आणि वृद्ध माणसे लाटालाटांनी सुरुंगांवरून आणि तारांवरून पुढे धाडली गेली. पाठ्यपुस्तकातील पर्यायतेची ती वक्ररेषा फळ्यावर किती निरुपद्रवी दिसत असे!

१९८६ साली तेलाचे भाव तीस डॉलरच्या आसपासहून दहा डॉलरपर्यंत घसरले. इराणला या घसरणीचा थेट फटका बसला, कारण त्याचे युद्ध रोखीवर चालले होते. इराकचे उत्पन्नही आटले, पण त्याला उधारी मिळत होती. पुढच्या वर्षी अमेरिकी नौदल कुवेतच्या तेलवाहू जहाजांना संरक्षण देऊ लागले, म्हणजे आतापर्यंत पुरवठादार असलेले स्वतःच रणात उतरले. १९८८ च्या वसंतात इराकने फाव परत घेतले, सोव्हिएत स्कड क्षेपणास्त्रांत फेरफार करून तेहरानवर मारा केला, आणि मार्चमध्ये हलबजा या कुर्दी गावात विषारी वायूने हजारो माणसे मारली. ३ जुलै रोजी अमेरिकी युद्धनौकेने इराणी प्रवासी विमान पाडले. २९० जण दगावले. जुलैमध्येच इराणने सुरक्षा परिषदेचा ५९८ क्रमांकाचा ठराव स्वीकारला. हा ठराव वर्षभर आधीच संमत झालेला होता. २० ऑगस्टला युद्ध थांबले. सीमा होती तेथेच राहिली.

येथपर्यंतचा इतिहास पुष्कळांना ठाऊक असतो. माझ्यासारख्या कारकुनी वळणाच्या माणसाला खुणावतो तो पुढचा भाग.

इराण जवळजवळ कर्जमुक्त अवस्थेत बाहेर पडला. त्याला कोणी उधार दिलेच नव्हते. इराकच्या डोक्यावर मात्र सुमारे ८० अब्ज डॉलरचे परकीय कर्ज होते. त्यातील मोठा वाटा अरब शेजाऱ्यांचा. आणि वाद असा की, ते कर्ज होते की अनुदान? बगदादचे म्हणणे, आम्ही साऱ्या अरबांच्या वतीने रक्त सांडले, तुम्ही केवळ पैसा दिला, त्याची परतफेड कसली मागता? कुवेतच्या वहीत मात्र ती रक्कम येणे म्हणून लिहिलेली होती. मंजुरीच्या वेळी ‘अनुदान’ की ‘कर्ज’ हा एक शब्द कोणी स्पष्ट करून घेतला नाही, आणि तो न करण्यात तेव्हा दोघांचीही सोय होती. संकटकाळी दिलेल्या रकमेची अट संकट टळल्यावर ठरवू पाहणे म्हणजे काय, हे आपल्याकडे राज्य आणि केंद्र यांच्यातील कित्येक पत्रव्यवहारांत मी पाहिले आहे. तेथे फार तर एक समिती नेमली जाते. येथे दहा लाखांच्या घरातले सैन्य उभे होते. त्याला घरी पाठवावे तर काम नाही, पोसावे तर पैसा नाही.

जुलै १९९० मध्ये परराष्ट्रमंत्री तारिक अझीझ यांनी अरब लीगला पत्र लिहिले. कुवेत जादा तेल काढून भाव पाडत आहे, रुमैला क्षेत्रातून त्याने २.४ अब्ज डॉलरचे इराकी तेल उपसले आहे आणि युद्धकाळातील रकमा कर्ज म्हणून मोजू नयेत, असा त्याचा आशय होता. वाटाघाटी फिसकटल्या. २ ऑगस्टला इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले. आक्रमणाचे समर्थन या थकबाकीने होत नाही. परंतु त्या सैन्यापैकी बरेचसे याच शेजाऱ्यांच्या पैशावर वाढले होते, हेही खरे.

झळ आपल्यालाही पोहोचली. इराकमध्ये रस्ते, इमारती, लोहमार्ग बांधणाऱ्या भारतीय कंपन्यांची देणी युद्धकाळापासूनच लांबणीवर पडत होती. १९९० च्या उत्तरार्धात तेल महागले, आखातातून घरी येणारा पैसा आटला आणि आधीच खालावलेली आपली परकीय चलनाची गंगाजळी तळाला गेली. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ४६.९१ टन सोने तारण म्हणून परदेशी धाडले. मुंबईहून निघालेल्या त्या सोन्याची बातमी आली तेव्हा वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. आमच्या संकटाची मूळ कारणे घरातच, वित्तीय तुटीत होती, हे प्राध्यापकांनी नंतर बजावले आणि ते बरोबरच होते. आखाताने फक्त मुहूर्त ठरवला.

कुवेतमधील सैन्याला पश्चिमेकडून धोका दिसू लागताच, १५ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेन यांनी इराणच्या अध्यक्षांना पत्र पाठवून १९७५ चा करार पुन्हा मान्य केला. ज्या नदीच्या सीमेसाठी आठ वर्षांत लाखो माणसे गेली, ती एका पत्राने पूर्ववत झाली. वहीतील उरलेल्या नोंदींना मात्र फार वेळ लागला. २००४ मध्ये पॅरिस क्लबने इराककडील आपल्या सुमारे ३९ अब्ज डॉलरच्या येण्यापैकी ८० टक्के सोडून दिले. आणि कुवेतवरील आक्रमणाबद्दल ठरलेल्या ५२.४ अब्ज डॉलरच्या भरपाईचा शेवटचा हप्ता इराकने २०२२ च्या आरंभी आपल्या तेलाच्या उत्पन्नातून चुकता केला. तो हप्ता भरणाऱ्या बगदादच्या वित्त खात्यातील तरुण अधिकाऱ्यांपैकी कित्येकांचा खुर्रमशहर पडले तेव्हा जन्मही झालेला नसणार.