पांढऱ्या उंदराचे सोबती

१९९४च्या ऑगस्टमध्ये आमच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून प्लेगची बातमी आली आणि उंदराकडे पाहण्याची नजर बदलली. माजलगावच्या मोंढ्यात पोत्यांमागे पळणारा उंदीर तोवर धान्याचा चोर होता, आता तो रोगाचा वाहक झाला. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराबद्दल मात्र असा संशय कुणी घेत नाही. तो म्हणजे शास्त्रज्ञाची कोरी पाटी, असा समज. ही पाटी कोरी नसते, हे विज्ञानाला निदान दोनदा शिकावे लागले.

पहिला धडा १९३६चा. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी, स्तनाचा कर्करोग हमखास होणाऱ्या वाणाची नवजात पिल्ले कर्करोग क्वचितच होणाऱ्या वाणाच्या माद्यांच्या दुधावर वाढवली. मोठेपणी त्यांच्यात गाठी फार कमी झाल्या. जो रोग निव्वळ आनुवंशिक वाटत होता, त्याचा एक भाग दुधातून येत होता. पुढे त्या दुधात विषाणू असल्याचे सिद्ध झाले. हाच धागा मुंबईत परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात कमल रणदिवे यांनी हाती घेतला. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या रणदिवे यांनी डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळवली. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा गाठीशी असलेला संबंध त्यांनी उंदरांमध्ये तपासला. या तिन्हींचा एकत्र विचार करण्याची त्यांची दृष्टी आजही ताजी वाटते.

दुसरा धडा नोरोव्हायरसचा. माणसाला उलट्या-जुलाबांनी हैराण करणाऱ्या या विषाणूचे नाव १९६८ साली साथ आलेल्या ओहायोतल्या नॉरवॉक गावावरून पडले. उंदरांतला त्याचा भाऊबंद सापडला तो थेट २००३ साली, सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात, तोही प्रतिकारशक्ती दुबळी केलेले उंदीर मरू लागले म्हणून. धडधाकट उंदरांत तो गुपचूप राहत होता. शोध घेतला तेव्हा देशोदेशीच्या प्रयोगशाळांतल्या पिंजऱ्यांत तो आढळला.

२००७ साली त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी असे अनेक विषाणू गोळा करून त्यांचे जनुकीय आराखडे जुळवून पाहिले. सगळे एकाच गटातले, फरक फार तर तेरा टक्क्यांच्या आसपास. वागणूक मात्र निराळी. पहिला सापडलेला विषाणू आठवड्याभरात शरीरातून नाहीसा होई, तर त्याचे काही भाऊबंद पस्तीस दिवसांनंतरही आतड्यात टिकून असत.

हा फरक किरकोळ नाही. २०१० साली आतड्याच्या क्रोन्स आजाराशी निगडित एका जनुकात बिघाड असलेल्या उंदरांवर प्रयोग झाला. त्यांच्या आतड्यांतल्या विशिष्ट पेशींत दोष दिसे. तेच उंदीर अधिक काटेकोर स्वच्छतेत वाढवले, तेव्हा तो दोष दिसेना. टिकून राहणाऱ्या नोरोव्हायरसची लागण केली आणि तो परतला. लवकर नाहीसा होणाऱ्या प्रकाराने तसे घडले नाही. म्हणजे जनुक तेच, उंदीर तोच. विषाणू बदलला आणि निष्कर्ष फिरला.

उंदरांवरच्या प्रयोगांतून माणसाच्या औषधांची वाट निघते. म्हणून दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळले नाहीत, तर कुणाचा हात चुकला हे ठरवण्याआधी पिंजऱ्यात काय होते ते पाहावे लागते. मामल्यानंतर आपण घरातल्या उंदराला विचारू लागलो, तुझ्याबरोबर कोण आले आहे? पांढऱ्या उंदरालाही हाच प्रश्न विचारायचा असतो.