गंगाराम तांबट : वेरूळ कागदावर उतरवणारा पुण्याचा चित्रकार

१/ छायाचित्रणाचा शोध लागण्याआधी दूरवरची लेणी लोकांना दाखवायची, तर चित्रकाराला तेथवर जावेच लागे. सवाई माधवरावांच्या काळात पुण्याहून असा एक मराठी चित्रकार वेरूळला गेला. त्याचे नाव गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट.

२/ त्या वेळी पेशवे दरबारी इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. प्राणी, वास्तू, लेणी या साऱ्यांविषयी त्याला विलक्षण कुतूहल होते. १७९० मध्ये गंगारामाने पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र काढले. ते आजही उपलब्ध आहे.

३/ १७९१ मध्ये स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स मुंबईस आला आणि पुढच्याच वर्षी पुण्यात पोहोचला. सवाई माधवराव आणि मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासचे नाना फडणवीस यांचे प्रसिद्ध चित्र त्याचेच. शनिवारवाड्यात एक चित्रशाळाही सुरू झाली.

४/ मॅलेटसाठी गंगारामाने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. हे काम दरबारी चित्राहून वेगळे होते. येथे आश्रयदात्याचा चेहरा खुलवायचा नव्हता. खांब, दालने आणि मूर्ती जशा आहेत तशा नोंदवायच्या होत्या. मॅलेटने वेरूळचे वर्णन ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात प्रसिद्ध केले.

५/ लेण्यांचे वेड वेल्सलाही लागले होते. मात्र १७९५ मध्ये ठाण्यात त्याचे निधन झाले आणि काम अपुरे राहिले.

६/ १८०३ मध्ये थॉमस डॅनियलने लंडनमध्ये वेरूळची २४ दृश्ये प्रसिद्ध केली. मुखपृष्ठावर मूळ चित्रकार म्हणून वेल्सचे नाव झळकले. त्या लेण्यांत कागद मांडून बसलेल्या गंगारामाचे नाव तेथे नव्हते.

७/ वेल्सच्या रेखाटनांवरून डॅनियलने १८०५ मध्ये पुणे दरबाराचे भव्य तैलचित्रही पूर्ण केले. पेशवे आणि मॅलेट यांच्यातील १७९० च्या तहाचा तो प्रसंग. डॅनियल स्वतः त्या दरबारी उपस्थित नव्हता. तरीही चित्र त्याच्या नावाने ओळखले जाते.

८/ गंगारामाची अनेक चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. पर्वती, वेरूळ, पेशव्यांचा गेंडा ही सारी महाराष्ट्राची दृश्ये त्यांत आहेत. पेशवाईतील पुणे कसे दिसे, हे शोधताना बखरी आणि दप्तरे उघडली जातात. त्यांच्याच शेजारी या तांबटाचे कागदही ठेवायला हवेत. त्याने जे नोंदवले, ते प्रत्यक्ष समोर बसून पाहिलेले होते.