घडीची किंमत

एल.टी.सी.त न बसणारा प्रवास करून आम्ही न्यू जर्सीला मेहुण्याकडे गेलो, तर दिवाणखान्यात फ्रेममध्ये एक पिवळ्या केसांची पोर रडत होती! उन्हानं रंग उडतो म्हणून खिडकीचा पडदा कायम ओढलेला.

"लिक्टेन्स्टाइन," मेहुणा म्हणाला. मला वाटलं, त्याचा डॉक्टर.

तर हा रॉय लिक्टेन्स्टाइन म्हणजे पॉप आर्टवाला. 28 सप्टेंबर 1963 पासून न्यूयॉर्कला लिओ कॅस्टेलींच्या गॅलरीत त्याचं प्रदर्शन होतं. त्याचं आमंत्रण म्हणून कॉमिक्समधल्यासारखी ही पोर ऑफसेटवर छापली आणि घड्या घालून चक्क पोस्टानं धाडली. पुढे तिची गत आपल्या लग्नपत्रिकांचीच झाली असणार. दुर्मिळ झाली ती उगीच नव्हे!

पण गंमत पुढेच आहे. आमच्या बँकेत शिक्का नसलेला कागद म्हणजे रद्दी. इथे घडी पडलेली, पोस्टात फिरलेली प्रत स्वस्त. जी कुणाला गेलीच नाही, ती कोरी करकरीत महाग. मला काही हा हिशेब पटला नाही. मेहुण्याची प्रत घडीची. तो ओशाळून सांगत होता.

मी बी.कॉम.ला पुण्यात असताना वडील दर आठवड्याला पोस्टकार्ड टाकत. 2009 साली घर बदलताना तो गठ्ठा मीच रद्दीत घातला.

"मागचा पत्ता बघू का रे? कुणाला धाडलं होतं?"

"भाऊजी, मागं पुठ्ठा लावून बंद केलंय हो."