अपगमनदर्शक रचना

एखाद्या ठिकाणापासून दूर जाण्याची क्रिया दाखवणारी क्रियापदे व अव्यये. इंग्रजीत ‘रन आउट’, ‘फॉल ऑफ’, ‘वॉक अवे’ अशा जोड्यांत क्रियापद चालीचा प्रकार सांगते आणि दिशा क्रियाविशेषणाकडे असते. मराठीत दिशा बहुधा ‘निघणे’, ‘सुटणे’, ‘निसटणे’ अशा क्रियापदांतच असते आणि चाल कृदंतात येते: ‘धावत निघाला’. भाषावैज्ञानिक लेनर्ड टाल्मी यांनी जगातील भाषांची वर्गवारी याच भेदावर केली.

मराठीचे खरे वैभव मात्र पंचमी विभक्तीत, म्हणजे ‘कुठून’ हे सांगणाऱ्या रूपांत आहे. ‘विहिरीतून’ म्हटले की आत असणे कळते, ‘झाडावरून’ म्हटले की वर असणे. ‘घरून’, ‘घरातून’ आणि ‘घरापासून’ यांत अदलाबदल चालत नाही. इंग्रजी ‘आउट’, ‘ऑफ’, ‘अवे’ यांचे काम येथे नामाला चिकटलेले ‘तून’, ‘वरून’, ‘पासून’ करतात.

बीदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील मुडबीचा सीमाभाग मराठी-कन्नड सहवासाचा. या दोन शेजारी भाषांची तुलना केली की पंचमीचे वेगळेपण दिसते. कन्नडात साधन व अपादान दोन्हींना ‘इंद’ हा एकच प्रत्यय पुरतो. ‘बीदरनिंद’ म्हणजे बीदरहून, ‘चाकुविनिंद’ म्हणजे चाकूने. मराठी मात्र ‘ने’ आणि ‘हून’ वेगळे राखते.