कॉमस्टॉकचं गरम पाणी

आज सुरुवात चिखलापासून करू. १८५९ साल. अमेरिकेत नेवाडाच्या डोंगरात काही जण माती धुऊन सोनं काढत होते. पण धुण्याच्या पेटीत सारखा एक निळसर काळा, जड चिखल अडकायचा. वैतागून ते तो फेकून द्यायचे. शेवटी त्याचा नमुना कॅलिफोर्नियात तपासला गेला आणि कळलं, की यात भरमसाट चांदी आहे! हीच पुढे गाजलेली कॉमस्टॉकची खाण.

मला मात्र या गोष्टीत पाणी जास्त महत्त्वाचं वाटतं. खाणी खोल गेल्या तसं खडकातून गरम पाणी फुटायला लागलं. सुमारे ३,००० फुटांवर ते ७७ अंश सेल्सिअसपर्यंत होतं. त्यात घसरून पडलेला माणूस भाजून मरायचा. कामगार उघड्या अंगानं थोडा वेळ कुदळ मारायचे, मग बर्फ घेऊन हवेच्या नळाशी बसायचे. मजुरी दिवसाला चार डॉलर. त्या काळी ती चांगली समजली जायची. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून अडॉल्फ सुट्रोनं जवळपास सहा किलोमीटरचा बोगदा खणायला घेतला. १८६९ला सुरू झालेला बोगदा १८७८ला खाणींना भिडला, तोवर भरभराट सरत आली होती.

आता बघा, ही चांदी तिथे आणली कोणी? गरम पाण्यानंच. हेच पाणी नव्हे हं, ते काम सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचं. ज्वालामुखीच्या प्रदेशात शिलारसाच्या धगीनं भूजल २००-३०० अंशांपर्यंत तापतं. खोलवर दाब एवढा असतो, की ते उकळत नाही. त्यात विरघळलेला गंधक सोन्याला धरून ठेवतो. भेगांतून वर येताना दाब उतरतो, पाणी उकळतं, सडक्या अंड्यांसारखा वास येणारा गंधकाचा वायू निसटतो आणि सोन्याचा आधारच जातो. ते तिथेच गारगोटीत बसतं. चांदीला पाण्यातलं मीठही वाहून आणतं, पण उकळण्याचा फटका तिलाही बसतो.

हे आजही घडतं. न्यूझीलंडमध्ये ब्रॉडलँड्सला वाफेसाठी खोल विहिरी खणल्या आहेत. तिथल्या नळांत दाब एकदम उतरतो त्या जागी बसवलेल्या धातूच्या चकत्यांवर १९८०च्या दशकात सोन्या-चांदीचा थर साचलेला सापडला. आणि खालच्या पाण्यात सोनं किती? टनाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम.